'एकच वर्ष तर होतं!' – घरी परतलेल्यांचे अनुभव

दहा-पंधरा वर्षं परदेशात काढून कायमचं परत येणाऱ्यांवर भरपूर लिहून झालंय. वर्षभरच बाहेर राहून आलेल्यांना मात्र कुणी काही विचारत नाही. 'एकच वर्ष तर होतं' म्हटलं की विषय मिटला. म्हणून हा धागा काढतेय.

माझ्यापासून सुरुवात करते. कंपनीच्या कामासाठी मी स्टुटगार्टला होते; नवरा, लेक आणि सासूबाई चिंचवडला. स्टुटगार्टच्या बाजूला केरवोख नावाचा प्रकार असतो. इमारतीतल्या बिऱ्हाडांनी पाळीपाळीनं जिना, तळघर आणि दारापुढचा फुटपाथ झाडायचा. पाळी आली की शेजारी तुमच्या दाराला पाटी अडकवून जातात. आमच्या तळमजल्यावरच्या आजी तर कठड्यावरून बोट फिरवून बघायच्या. इकडे आल्यावर पहिल्याच शनिवारी मी आमच्या मजल्यापासून थेट खालपर्यंत जिना झाडून काढला. सफाईच्या मावशी धावत वर आल्या. "ताई, सोसायटीनं मला काढलं का?"

हे हसण्यावारी गेलं. स्वयंपाकघरात नाही गेलं. माझ्याच घरात मी "साखर कुठंय?" विचारत होते. डबे हलले होते, चहाची वेळ हलली होती. शाळेच्या डायरीवर सही घ्यायला लेक माझ्या पुढ्यातून आजीकडे गेली. तिचं काही चुकलं नाही, वर्षभर सही आजीचीच चालत होती. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, जर्मनी कशी होती? याच वर्षात सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, लेकीचा हात मोडून जोडला गेला. त्यांचं वर्ष कसं गेलं हे विचारायला कुणी आलं नाही.

परदेशच हवा असं नाही. दिल्ली, आसाम, आखात, बर्फ, काहीही चालेल. साधारण वर्षाचा मुक्काम आणि मग घर, एवढीच अट. कागदपत्रांच्या खाचाखोचाही लिहा, कुणाच्या तरी उपयोगी पडतील.

दिल्ली – लातूर जिल्हा

माझा परदेश म्हणजे दिल्लीतलं जुनं राजिंदर नगर, यूपीएससीच्या तयारीला गेलो होतो. एका खोलीच्या प्लायवूड टाकून तीन केलेल्या, त्यातली मधली माझी. खिडकी दोन्ही बाजूंच्यांना, मला नाही. रविवारी आम्ही चार-पाच जण महाराष्ट्र सदनात जेवायला जायचो. तिथं वाढणारा मराठीत बोलायचा, निम्मं पोट त्यावरच भरायचं.

प्रिलिम निघाली नाही. मेन्सला जागांच्या बारा-तेरा पटच मुलं घेतात, बाकी सगळे घरी. हे जाताना माहीत असतं, पण ते दुसऱ्यांबद्दल आहे असं वाटत असतं. पैसे संपत आले होते. वडील फोनवर एवढंच बोलले, "ये की मग."

निघायच्या आधी पुस्तकं विकली. रद्दीवाला फार हुशार. मागच्या वर्षीची चालू घडामोडींची मासिकं त्यानं किलोवर घेतली आणि टॉपरच्या नोट्सच्या झेरॉक्स बाजूला काढून ठेवल्या. त्या पुन्हा विकल्या जातात.

गावात 'कलेक्टरसाहेब आले' म्हणणारे भेटतील याची तयारी होती. तसे भेटलेही, पाराजवळच. त्यांचं काही वाटलं नाही. घरी गेलो तर वडलांनी सोयाबीनची पोती ठेवायची खोली मोकळी करून चुन्यानं रंगवली होती. टेबल केलेलं, नवी ट्यूबलाइट लावलेली. पोती ओसरीत, ताडपत्रीखाली. कुणी मला एका शब्दानं काही विचारलं नाही. त्या टेबलाचं जेवढं दडपण आलं तेवढं दिल्लीतल्या पेपरचं आलं नव्हतं. पंधरा दिवस मी ओसरीतच झोपलो, पोत्यांशेजारी.

आता राज्यसेवेचा अभ्यास करतोय, त्याच टेबलावर. संध्याकाळी गावातली दहावीची पोरं गणिताला येतात.

दिल्ली – नागपूर

वरच्या दादाले पूर्ण अनुमोदन. फक्त एक भर. घरी आल्यावर मी आईसोबत दोन महिने हिंदीतच भांडत होतो. राग आला की हिंदीच निघे. आमच्या नागपुरात तसंही कोणाले फरक नाही पडत म्हणा.

मैत्री, अंटार्क्टिका – फोंडा

'बर्फ' म्हणालात म्हणून लिहितो. आमची मोहीम सांभाळणारी संस्था वास्कोला, म्हणजे घरापासून तासाभरावर. तिथून निघून मी अंटार्क्टिकातल्या शिर्माकर ओअॅसिसला, म्हणजे बर्फ नसलेल्या खडकाळ पट्ट्यात, पोचलो. मैत्री हे आपलं संशोधन केंद्र तिथं १९८९ पासून चालू आहे. तिकडच्या उन्हाळ्यापुरती आलेली माणसं फेब्रुवारी-मार्चपर्यंत परत जातात, मग पंचवीसेक जण राहतात. पुढचे सात-आठ महिने ना कुणी येत, ना कुणी जाऊ शकत. मे संपताना सूर्य बुडतो तो जुलैअखेरीस वर येतो.

मी जनरेटरवर होतो. डिझेल जनरेटर बंद म्हणजे गरम हवा बंद, पाणी बंद, सगळंच बंद. त्यामुळे त्याची घरघर हीच आमची शांतता. झोपेतही कान तिकडेच. आवाज जरा बदलला तर मी बूट चढवलेला असायचो आणि जाग त्यानंतर यायची. फोंड्याला आल्यावर पहिल्याच आठवड्यात रात्री लाइट गेली. फ्रिज थांबला, पंखा थांबला. बायको सांगते, मी अंथरुणातून उठून कपाटातून स्वेटर काढला आणि अंधारात दाराची कडी शोधत होतो. गोव्यात! घामानं भिजलेला माणूस स्वेटर घालतोय! दार उघडलं तेव्हा बाहेर बेडूक ओरडत होते, तेव्हा कुठे ध्यानात आलं.

दुसरी गोष्ट चेहऱ्यांची. वर्षभर तेच पंचवीस चेहरे. पॅसेजमधून कोण येतोय ते पावलांवरून कळायचं. कोण रागावलाय तेही. परतल्यावर मेव्हणीचं लग्न होतं. हॉलमध्ये चारेकशे माणसं, आणि प्रत्येकाचा चेहरा नीट बघायचा, लक्षात ठेवायचा असं माझं डोकं आपोआप करायला लागलं. अर्ध्या तासात डोकं ठणकायला लागलं. मागं जाऊन आचाऱ्यांपाशी बसलो. तिथं सहाच जण होते, बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी सर्दीनं आडवा. तिकडे नवीन जंतू आणणारं कुणी नसतं, त्यामुळे आल्या आल्या सगळ्यांचंच असं होतं.

आणि पैसे. वर्षभर पाकीट हातात नाही. स्टोअरमधून लागेल ते घ्यायचं, वहीत लिहायचं. फोंड्याच्या बाजारात मिरच्या-कोथिंबीर घेतली आणि तसाच चालायला लागलो. भाजीवालीनं जी हाक मारली ती मामलेदार कचेरीपर्यंत गेली असेल. कोथिंबिरीचा मात्र रस्ताभर वास घेत आलो. हिरवं काही उगवलेलं वर्षानंतर पहिल्यांदा परतीच्या वाटेवर केपटाऊनला पाहिलं होतं. आमच्यातले दोघे तिथं विमानतळाबाहेरच्या हिरवळीवर सरळ आडवे झाले.

कार्ल्सरूह – सोलापूर

कागदांचं विचारलंय, तेवढंच लिहितो.

जर्मनी सोडताना नगरपालिकेत अबमेल्डुंग, म्हणजे पत्ता सोडल्याची नोंद, करा. घर सोडायच्या आठवडाभर आधीपासून सोडल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत मुदत असते. तो कागद जपा, पुढचं सगळं त्यावर आहे. दरमहा १८.३६ युरोचं रेडिओ-टीव्ही शुल्क आपोआप थांबत नाही, वेगळं कळवावं लागतं. घराचं डिपॉझिट, जे तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत असू शकतं, मालक लगेच सगळं देत नाही. पाणी-हीटिंगचा हिशेब वर्ष संपल्यावर होतो, आणि तो पाठवायला त्याला आणखी बारा महिने असतात. म्हणून तिकडचं बँक खातं घाईनं बंद करू नका.

आता भारतातलं. बरेच जण ऐकीव माहितीवर समजतात की परत आल्यावर दोन-तीन वर्षं परदेशी उत्पन्नाला करसवलत असते. ती लांबच्या मुक्कामवाल्यांना. वर्षभर बाहेर राहिलेला माणूस बहुतेक वेळा परतला की सरळ सर्वसाधारण रहिवासी होतो. मग ते उघडं ठेवलेलं जर्मन खातं, त्यात चाळीस युरो का असेनात, प्राप्तिकर रिटर्नच्या शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, दाखवावं लागतं. आयटीआर-१ हा साधा फॉर्म चालत नाही. एनआरई (अनिवासी भारतीयांचं) खातं उघडलं असेल तर बँकेला रहिवासी झाल्याचं कळवा. चांगल्या सीएची फी इथं वसूल होते.

पासीघाट, अरुणाचल – सांगली

मी शाळेत विज्ञान शिकवायला गेले होते. परतल्यावर मला भेटलेले प्रश्न: "चीनमध्ये होतीस ना?" "तिकडे जायला व्हिसा लागतो?" "ते आपल्यातच येतं का?" इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरायचा परवाना, लागतं एवढं सांगितलं की लोकांना व्हिसाचं पटतंच. मग मी नाद सोडून दिला.

जेट लॅगचा त्रास वर सगळ्यांनी भोगला असेल. मला घड्याळ न बदलताच झाला. घड्याळ तिकडेही तेच, सूर्य मात्र फार पुढे. उन्हाळ्यात चारला उजाडतं, डिसेंबरात साडेचारला दिवेलागण. सांगलीत आल्यावर मी चारला टक्क जागी आणि संध्याकाळी सात वाजता जेवून आडवी. आईनं दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी दार लावून हळूच विचारलं, "तिकडे काही झालं का बाळा तुझ्याबरोबर?" तिला सूर्याचं गणित समजावायला भिंतीवरचा नकाशा काढावा लागला.

मुलींनी दिलेले आंबवलेले बांबूचे कोंब मी डब्यात घालून आणले होते. रेल्वेच्या डब्यात दोन दिवस कुणी शेजारी बसलं नाही, ते एक बरंच झालं. घरी वडलांनी तो डबा गच्चीवर नेऊन ठेवला.

खरा त्रास वेगळाच. बायोडेटामध्ये ते वर्ष कसं लिहायचं यावर मामा-मावशींची बैठक बसली. 'नोकरी' लिहावं तर पगार फार कमी, 'समाजसेवा' लिहावं तर स्थळं बिचकतात. शेवटी मामांनी 'अनुभव' असं लिहिलं. कसला, ते नाही. पावसाळ्यात तिकडच्या सियांग नदीला पाणी चढल्याची बातमी मराठी चॅनेलवर येत नाही, म्हणून मी आसामी चॅनेल लावून बसते. मुली फोनवर विचारतात, "मिस, कब आओगे?" त्यांना अजून काही ठरवून सांगितलेलं नाही.

जुबैल, सौदी – खेड, रत्नागिरी

मी एसीचा मेकॅनिक. कंपनीचं काम संपलं, फायनल एक्झिट, म्हणजे कायमचा परतीचा शिक्का, लागला, आलो. बॅगा अजून उघडल्याही नव्हत्या, मामूंनी विचारलं, "मग परत कधी?" दुसऱ्या दिवशी मशिदीबाहेर तेच, तिसऱ्या दिवशी वाण्याकडे तेच. आमच्या गावात माणूस घरी असला की तो सुट्टीवरच असतो. अम्मीलाच काय ते बरं वाटलं, पण शेजारणींसमोर तीही सांगते, "व्हिसाचं चाललंय." मी आता खेडातच दुकान टाकतोय. पाटी लागली की विचारायचं थांबतील बहुतेक.

नाशिक (मी कुठेच गेले नव्हते)

इथं सगळे परत येणारेच लिहितायत. दाराच्या आतल्या बाजूनं कुणीतरी लिहायला हवं.

माझी मुलगी लीड्सला मास्टर्स करून आली. तिकडचं मास्टर्स वर्षाचंच असतं. त्यानंतर काम शोधायला राहता येत होतं, पण तिला नको होतं, ती आली. नातेवाइकांना ते पटेना. "व्हिसा असून परत आली?" मी आधी कारणं द्यायचे, मग म्हणायला लागले, "तिला आवडलं नाही." कर्जाचे हप्ते सुरू व्हायचे आहेत हे आम्हाला ठाऊक आहेच, त्याची आठवण करून द्यायला पाव्हणे कशाला?

ती गेल्यावर ह्यांनी तिच्या खोलीत बस्तान मांडलं होतं. टेबल, औषधं, रेडिओ, सगळं. ती यायच्या आदल्या दिवशी ते मुकाट्यानं हॉलमध्ये आले. ती आल्यावर म्हणते, "बाबा, राहू दे ना तिथेच." दोघं एकमेकांना खोली देत बसले आणि आठवडाभर खोली रिकामी. शेवटी मीच माझं शिवणाचं मशीन तिथं नेलं. मग दोघंही तक्रार करत आत आले.

चहा प्यायल्यावर ती कप लगेच विसळून पालथा घालते. एकच कप, एकच चमचा. आधी कौतुक वाटलं. नंतर वाटलं, ही पाहुण्यासारखी वागतेय. आता हल्ली सिंकमध्ये तिचा खरकटा कप दिसतो. ओरडते मी, पण मनातून नाही.

स्टुटगार्ट – चिंचवड

नाशिकच्या काकू, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "मलापण लिहायचंय, टाइप कर." डायरीवरची सही हा विषय आहे. सवडीनं टाकते.

नागोया, जपान (मार्चमध्ये कोल्हापूरला)

वाचतोय सगळं. दोन प्रश्न आहेत. एक, इथल्या रहिवासी कराचं काय करावं? दोन, इथला राइस कुकर आणावा का? फार सुंदर भात होतो.

कार्ल्सरूह – सोलापूर

करापुरतं सांगतो, माझा भाऊ ओसाकाला होता. १ जानेवारीला तिथं नोंद असेल तर आधीच्या वर्षाच्या कमाईवरचा रहिवासी कर लागतो आणि बिलं जूनपासून येतात. तुम्ही मार्चमध्ये निघालात तरी तो सुटत नाही. ऑफिसला सांगून शेवटच्या पगारातून कापून घ्या किंवा तिथला कुणी कर-प्रतिनिधी नेमा. पेन्शन कापली जात असेल आणि सहा महिने भरली असतील, तर देश सोडल्यापासून दोन वर्षांत एकरकमी परताव्याचा अर्ज करता येतो. पलंग, कपाट फेकायचं असेल तर पालिकेकडे आधी नोंदवून स्टिकर घ्यावं लागतं. मार्चमध्ये सगळेच घरं बदलतात, तारखा मिळत नाहीत, आत्ताच बघा.

मैत्री – फोंडा

कुकरचं मी सांगतो. तो १०० व्होल्टचा, आपल्याकडे २३०. तसाच लावलात तर पहिल्याच भाताला जळेल. मध्ये ट्रान्सफॉर्मर लागेल, कुकर हजार-बाराशे वॅटचा धरला तर किमान दीड केव्हीएचा. त्याचं वजन दहा किलोच्या आसपास. तिथंच कुणाला तरी देऊन टाका. कुकर देऊन टाकल्यावर बॅगेत जी जागा होईल, तिथं तांदूळ आणा.