एचसीआयची लेक्चरं बंद करून सगळं ट्युटोरियलवरच आणावं का?

खडूफळा
मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला ह्युमन कॉम्प्युटर इंटरॅक्शन (एचसीआय) शिकवते, म्हणजे माणूस कॉम्प्युटर, ॲपं कशी वापरतो आणि ती वापरायला सोपी कशी करायची. सुरुवातीची बरीच वर्षं नीलसनची सोप्या डिझाइनची १० तत्त्वं, फिट्सचा नियम (बटणापर्यंत पोचायला किती वेळ लागतो त्याचा), पर्सोना म्हणजे कल्पनेतला नमुना वापरकर्ता, सगळं फळ्यावर लिहून दिलं. पोरांनी पाठ केलं, पेपरात उतरवलं, आणि पुढच्या वर्षी प्रोजेक्टला त्याच पोरांनी असा फॉर्म बनवला की एक रकाना चुकला की भरलेलं सगळं पुसलं जातं आणि परत पहिल्यापासून भरा. चूक होऊच नये अशी रचना करा, हे तत्त्व त्यातल्या प्रत्येकाने परीक्षेत लिहिलेलं होतं.

म्हणून गेल्या वर्षी एक लेक्चर काढून त्या जागी दोन तासांचं ट्युटोरियल घेतलं. पाणीपट्टी भरायच्या ॲपचे स्क्रीन कागदावर काढायचे. एक पोरगा कॉम्प्युटर होतो, म्हणजे बटणावर बोट ठेवलं की तो पुढचा कागद सरकवतो, एक पोरगी नोंदी घेते, आणि तिसरा समोरच्या माणसाला फक्त एवढंच सांगतो की मनात येईल ते बोलत राहा. समोर बसवल्या मेसच्या मावशी. शेवटच्या कागदावर पोरांनी लिहिलेलं, "आपला भरणा प्रलंबित आहे". मावशींनी ते मोठ्याने वाचलं, "झालं म्हणायचं" म्हणाल्या आणि उठायलाच लागल्या. मी एक शब्द बोलायच्या आत त्या गटाने "प्रलंबित" खोडून "पैसे अजून पोचले नाहीत, उद्या परत बघा" असं लिहिलं.

दुसरं म्हणजे गप्प बसणं. पहिल्या खेपेला जवळजवळ प्रत्येक गटात कुणीतरी "मावशी ते नाही, वरचं दाबा" म्हणतंच. माणूस अडखळतोय आणि आपण हाताची घडी घालून बघत बसायचं, हे कुठल्या लेक्चरने येणार सांगा. माझं मत स्पष्ट आहे, या विषयाची लेक्चरं बंद करावीत.

दगडीजिना
मॅडम, कळकळ पटली, निष्कर्ष नाही पटला. फिट्सचंच उदाहरण घ्या. कागदावर दोन उभ्या पट्ट्या काढा आणि पेनाने एकीवरून दुसरीवर टकटक करत १० सेकंदात किती ठिपके पडतात ते मोजा. फिट्सने १९५४ साली असंच, धातूच्या पट्ट्यांवर स्टायलस आपटून केलं होतं. पोरं काय शिकतील? लांबचं आणि बारीक असलं की वेळ लागतो. हे शेंबडं पोरगंही सांगेल. खरी गंमत पुढे आहे. ४ सेंमीची पट्टी २० सेंमीवर आणि २ सेंमीची पट्टी १० सेंमीवर, दोन्हींचा अवघडपणा सूत्रात सारखाच येतो, ३.३ बिट (बिट हे अवघडपणाचं एकक), कारण अंतर आणि रुंदीचं गुणोत्तर तेच राहतं. ४ ची पट्टी १ सेंमीची केली की तोच आकडा ५.३ वर जातो. पहिल्या दोन पट्ट्यांना वेळ साधारण सारखा लागतो हे हातानं बघून पोरं चकित होतील, पण सूत्र आधी माहीत नसेल तर अशा दोन पट्ट्या काढून बघायचं कुणाच्या डोक्यात येणारच नाही. काय करून बघायचं ते थिअरी सांगते, ती काढली तर ट्युटोरियल म्हणजे नुसती हस्तकला.

पुण्याची_ऊब
मी कंपनीत यूएक्स करते, म्हणजे ॲप लोकांना वापरायला सोपं जाईल असं डिझाइन, इंटरव्ह्यूही घेते, आणि दगडीजिना तुमची थिअरी पोरांच्या तोंडून कशी बाहेर येते ते ऐका. मेन्यूत ७ च्या वर पर्याय नकोत, का तर मिलरचा नियम. अरे पण १९५६ चा तो पेपर माणसाच्या एका वेळी लक्षात किती राहतं, साधारण सात गोष्टी, याबद्दल आहे, आणि मेन्यू तर डोळ्यासमोर उघडा असतो, तिथे लक्षात कशाला ठेवायचंय! ज्या पोरीने एकदा जरी कुणाला १२ पर्यायांच्या यादीतून आपलं गाव आरामात शोधताना बघितलंय ती असलं बोलणार नाही. फळ्यावरून आलेलं अर्धवट ज्ञान पुसायला आम्हाला कामावर सहा महिने जातात, त्यापेक्षा कोरी पाटी परवडली. मी मॅडमच्या बाजूने.

दगडीजिना
पण मग ते वाईट शिकवणं झालं ना, थिअरीचा काय दोष. मिलरचा पेपर नीट वाचून घेतला असता तर ही चूक झालीच नसती.

कृष्णाकाठ
मीही शिकवतो, छोट्या गावातल्या कॉलेजात. वर्गात ७० पोरं, चार-चारचे गट केले तरी १७-१८ गट, आणि मावशी एकच. तिसऱ्या गटापर्यंत मावशींना कुठे काय दाबायचं ते पाठ झालेलं असतं, मग पुढचे सगळे गट "आमचं डिझाइन एकदम सोपं आहे" असा रिपोर्ट लिहून मोकळे. मी हे स्वतः केलंय आणि त्या रिपोर्टांना मार्कही दिलेत, नंतर लक्षात आलं तेव्हा फार वाईट वाटलं. शिवाय स्वतःचं काम टाकून मावशी तासभर बसतात त्याचं काय, चहा-बिस्किटावर भागवायचं का? लेक्चर बंद करा म्हणणं सोपं आहे, ७० पोरांना ७० वेगवेगळी माणसं कुठून आणायची ते आधी सांगा.

मधुमालती
मला दिसत नाही, फोन टॉकबॅकवर आणि लॅपटॉप एनव्हीडीएवर वापरते, दोन्ही स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवतात. एका कॉलेजात ॲक्सेसिबिलिटीच्या ट्युटोरियलला पाहुणी म्हणून गेले होते. पोरांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधून १५ मिनिटं फोन वापरायला दिला. पोरं धडपडली, चिडली, आणि नंतर सगळ्यांच्या बोलण्यात एकच सूर, बापरे किती कठीण आयुष्य. अहो, त्यांनी बघितला तो स्वतःचा पहिल्या दिवसाचा गोंधळ, माझं रोजचं वापरणं नाही. मी टॉकबॅक इतक्या वेगात ऐकते की शेजारच्याला एक शब्द कळत नाही. माझी अडचण कुठे, तर बटणाला नावच दिलेलं नसतं आणि फोन नुसतं "बटण, बटण, बटण" म्हणत राहतो. दोन मिनिटांत दुरुस्त होणारी गोष्ट आहे, पण त्या दोन तासांत तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. हाताने करून घेतलं म्हणजे बरोबरच शिकवलं असं नसतं एवढंच मला सांगायचंय.

उलटीगणती
मधुमालतीताईंचा मुद्दा सगळ्याच ट्युटोरियलना लागू होतो. आम्ही एकदा तीन मराठी कीबोर्डांची तुलना केली, इनस्क्रिप्ट (देवनागरी अक्षरांची सरकारी मांडणी), रोमनमधून मराठी, आणि आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेलं स्वरचक्र, ज्यात व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती चक्रात त्याची बाराखडी येते. "ज्ञानेश्वरांनी" सारखे जोडाक्षरांचे शब्द टाइप करायला दिले. तासाभरात रोमन जिंकलं आणि पोरांनी लिहून टाकलं की रोमनच सर्वोत्तम. अर्थात जिंकणार, आठवीपासून व्हॉट्सॲपवर तेच चाललंय! महिनाभर सराव करून मोजलं असतं तर काय आलं असतं ते त्या तासाला कळणं शक्यच नव्हतं.

तेच पाच माणसांचं. पाच जणांवर टेस्ट केली की ८५ टक्के चुका सापडतात हे वाक्य पोरं मंत्रासारखं म्हणतात. ते गणित एक चूक एका माणसाला सापडायची शक्यता ३१ टक्के धरून केलेलं आहे. ती १० टक्के धरा, पाच जणांत जेमतेम ४१ टक्के सापडतात. हे फळ्यावरच करून दाखवावं लागतं, कागदी स्क्रीन सरकवून कळत नाही.

पुण्याची_ऊब
गणित मान्य. पण ८५ असो की ४१, शून्य माणसांवर टेस्ट करून सोडलेली ॲपं आपण रोज वापरतो आणि ती बनवणारे सगळे ही लेक्चरं ऐकूनच पास झालेत, हेही लक्षात घ्या.

खडूफळा
सगळं दोनदा वाचलं. लेक्चर पूर्ण बंद हे मी रागात लिहिलं, ते मागे घेते. पण क्रम मात्र सोडणार नाही, आधी हाताने, मग फळा. पट्ट्यांचा प्रयोग आधी करतील, दोन वेगळ्या पट्ट्यांना सारखाच वेळ का लागला यावर भांडतील, आणि मग मी सूत्र लिहीन. दगडीजिना, पट्ट्या कुठल्या काढायच्या ते मी ठरवेन, म्हणजे थिअरी माझ्याकडे राहील, त्यांच्याकडे ती प्रश्न होऊन जाईल.

कृष्णाकाठ सर, मावशींचं तुमचं बरोबर आहे, माझ्याकडेही तेच झालं असणार, मी तपासलंच नाही. यंदा प्रत्येक गटाने सुट्टीत आपापल्या घरून दोन माणसं शोधायची, कॉम्प्युटर शाखेचं कुणी नको, आणि एक माणूस एकाच गटाचा. मावशी आल्या तर त्यांच्या वेळेचे पैसे विभागाच्या खर्चात धरायचा अर्ज आजच देते.

मधुमालतीताई, डोळ्यांवर पट्टी बांधायचं ट्युटोरियल माझ्याही आराखड्यात होतं, काढलं. त्याऐवजी पोरांनी स्वतःचंच ॲप टॉकबॅक लावून ऐकायचं आणि नाव नसलेली बटणं मोजायची, एवढंच ठेवलं तर चालेल का?

मधुमालती
चालेल, पण स्क्रीन पूर्ण काळा ठेवून ऐकायला लावा, नाहीतर डोळ्यांनी बघून अंदाज बांधतात. आणि मोजून झालं की त्याच तासाला नावं घालून घ्या, पुढच्या आठवड्यावर टाकू नका.

दगडीजिना
आधी भांडण मग सूत्र, हे मला अजून पूर्ण पटलेलं नाही. ७० पैकी निम्मी पोरं त्या भांडणात गप्पच बसतात असा माझा अनुभव. पण करून बघा, आणि वेळेच्या नोंदी ठेवल्यात तर मला पाठवा, मी माझ्या वर्गात उलट क्रमाने करतो. सेमिस्टर संपलं की दोन्ही वर्गांना एकच नवीन स्क्रीन तपासायला देऊ.