साखरपुड्याची हिऱ्याची अंगठी दुधाळ दिसायला लागली आहे, घरी काय करता येईल?

मनवा_ठाणे
१८ कॅरेट व्हाइट गोल्ड, मधोमध ४० सेंटचा (०.४० कॅरेट वजनाचा) एकच हिरा, चार प्रॉंग (हिरा धरून ठेवणारे काटे). साखरपुड्यापासून बोटातून काढलेलीच नाही म्हणा ना. पोळ्या, भांडी, केसांना तेल, सगळं तिच्यासकट. आता हिरा धुरकट काचेसारखा दिसतो आणि बोटाच्या आतल्या बाजूला धातू पिवळट झालाय. नवरा म्हणतो, "खोटा तर नाही ना गळ्यात मारला?" सासूबाई म्हणतात टूथपेस्ट लावून घास. दुकानात विचारलं तर म्हणाले पॉलिश करून देतो, ठेवून जा, आठवड्याने या. ठेवून यायचा धीर होत नाही, हिरा बदलला तर मला काय कळणार? हल्ली स्वेटर घालताना धागाही अडकतो. जाणकारांनी सांगा.

रेवा
टूथपेस्ट अजिबात नको! आमच्याकडे आजीपासून रिठ्याचं पाणी. रात्री रिठे भिजत घालायचे, सकाळी कुस्करून त्या फेसात दागिने. माझी कुडी त्यानेच लखलखते.

जुना_सेटर
मनवाताई, आधी तो धागा. धागा अडकतो म्हणजे एखाद्या प्रॉंगचं टोक उचललं गेलंय किंवा झिजून धारदार झालंय. अंगठी कानाशी धरा आणि बोटाने हलकी टिचकी मारा. खुळखुळ ऐकू आली तर हिरा सैल आहे, तेव्हा घासूपुसू नका, डबीत ठेवा आणि सरळ सेटरकडे, म्हणजे हिरे बसवणाऱ्याकडे जा. आवाज नाही आला तरी दाखवाच. टोक दाबून गोल करायचं काम छोटं असतं, समोर बसून करून घेता येतं. चारपैकी एक प्रॉंग गेला की उरलेल्या तिघांचा भरवसा धरू नये.

मी झवेरी बाजारात हिरे बसवायचं काम केलं. आता डोळे साथ देत नाहीत म्हणून काउंटरला बसतो. येणारा प्रत्येक जण हिऱ्याची काळजी विचारतो, कोंदणाची कोणी विचारत नाही. हरवलेले हिरे मात्र कोंदणापायीच हरवतात.

आता दुधाळपणा. यजमानांना सांगा, एवढ्यावरून हिरा खोटा ठरत नाही. हिऱ्याला पाणी धरत नाही, तेल-तूप मात्र लगेच धरतं. दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीच्या खाणींवर याच गुणाचा फायदा घेत. चरबी माखलेल्या टेबलावरून पाण्याबरोबर खडी सोडायची. दगड वाहून जात, हिरे चिकटून राहत. तुमच्या बोटावर कणकेचं तेल, खोबरेल, हँडक्रीम हेच करतंय. आणि ते साठतं हिऱ्याच्या पोटाखाली, जिथे फडकं पोचत नाही. वरून आत गेलेला उजेड खालच्या पैलूंवर आपटून परत वर येतो, म्हणून हिरा चमकतो. खाली तेलाचा थर बसला की उजेड तिथूनच निसटतो.

वाटीत कोमट पाणी घ्या, भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब टाका, अंगठी अर्धा तास बुडवून ठेवा. मग लहान मुलांचा मऊ ब्रश घेऊन अंगठी उलटी धरा आणि मागच्या जाळीतून घासा. पुढून घासणं निव्वळ समाधानासाठी. धुवायचं तेही वाटीतच, बेसिनच्या नळाखाली नाही. (बेसिनचा पाइप उघडायला प्लंबर बोलावलेली गिऱ्हाइकं दर पावसाळ्यात भेटतात.) रेवाताईंचा रिठाही चालेल, फक्त पाणी गाळून घ्या, चोथा प्रॉंगखाली अडकतो.

टूथपेस्टने हिऱ्याला काही होणार नाही, सोन्यावर ओरखडे उठतील. शिवाय तुमचा पिवळटपणा म्हणजे मळ नव्हे. १८ कॅरेटमध्ये ७५ टक्के सोनं. पॅलेडियम किंवा निकेल घालून ते पांढरं करतात, तरी थोडी झाक राहतेच, म्हणून वरून ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा. तो झिजला. परत चढवता येतो. पण दर दिवाळीला हौसेने पॉलिश करू नका, प्रत्येक पॉलिशला थोडं सोनं जातं आणि प्रॉंग बारीक होतात.

बदलाबदलीची भीती असेल तर प्रमाणपत्र काढा. बऱ्याच प्रमाणित हिऱ्यांच्या गर्डलवर, म्हणजे कमरेच्या कडेवर, प्रमाणपत्रावरचाच नंबर लेझरने कोरलेला असतो. ठेवताना आणि परत घेताना दहापट भिंगातून तो दाखवायला सांगा. पावतीवर अंगठीचं वजन आणि हिऱ्याचं माप लिहून घ्या. खरा दुकानदार यावर चिडत नाही.

अनिकेत_दुबई
बायको अंगठी घालूनच पूलमध्ये उतरते. म्हणते, हिरा इतका कठीण, त्याला काय होणार?

जुना_सेटर
हिऱ्याला खरंच काही होत नाही. क्लोरीन मात्र व्हाइट गोल्डमधल्या मिश्रधातूला खातं, बारीक प्रॉंग ठिसूळ होतात. कपड्यांच्या ब्लीचचंही तेच. त्यात गार पाण्यात बोटं आक्रसतात, अंगठी कधी सुटली कळत नाही. आणि कठीण असणं वेगळं, न फुटणं वेगळं. ग्रॅनाइटच्या ओट्यावर नेमका कडेने आपटला तर हिऱ्याचीही कपची उडते.

मनवा_ठाणे
टिचकी मारली, खुळखुळ नाही. वाटीत धुतली. पाणी चक्क गढूळ झालं, शी! हिरा परत हिऱ्यासारखा दिसतोय, नवऱ्याने शब्द मागे घेतले. शनिवारी प्रॉंग दाखवायला जाते. रात्री मंगळसूत्राच्या डबीतच ठेवली तर चालेल ना?

जुना_सेटर
नको. हिरा सोन्याच्या वाट्यांवर रेघा ओढेल. वेगळी कापडी पिशवी घ्या. आणि कणीक मळताना अंगठी ओट्यावर काढून ठेवू नका, कणकेबरोबर डब्यात गेलेली पाहिली आहे. सेफ्टी पिनमध्ये ओवून गाऊनला लावा.

रेवा
पिन गाऊनसकट मशीनमध्ये गेली तर? 😄

जुना_सेटर
मग पिशवीच बरी, ताई.