भावनिक बुद्धिमत्तेच्या ट्रेनिंगने शिक्षकाचा ताण खरंच कमी होतो का?

वर्षा_झेडपीवाली: परवा शिक्षण परिषदेत परत तेच, डोळे मिटा, श्वास मोजा. मला एकदम २०२० आठवलं. सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' सुरू झालं तेव्हा आम्ही ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरत होतो, घरी आलं की मागच्या दारीच अंघोळ, मग व्हॉट्सॲपवर अभ्यास टाकायचा, आणि फोन अर्ध्या पोरांकडे पण नाही, असला तरी बाप शेतातून आल्यावरच हातात मिळणार. त्यातच ताण व्यवस्थापनाचा वेबिनार. हजेरीची लिंक शेवटी येते म्हणून दोन तास बसून राहिले. जखम मांडीला आणि मलम शेंडीला! आधी कामं कमी करा, एवढंच म्हणणं आहे.

सुधीर सर: ताई, कामाचं शंभर टक्के मान्य. पण ट्रेनिंगला सरसकट नावं ठेवू नका. डिसेंबर २०२१ ला शाळा उघडली तेव्हा माझ्या दुसरीतल्या पोरांनी वर्ग कसा असतो हेच पाहिलेलं नव्हतं. एक जण सारखा कपाटामागे जाऊन बसायचा. दोन दिवस मी ओरडलो, तिसऱ्या दिवशी कळलं की राग त्याच्यावर नाहीच, एप्रिलात माझा भाऊ गेला आणि मी कुणाशी धड बोललोच नव्हतो. सॅलोव्ही आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्ता म्हणून हेच मांडलंय, आपली नि समोरच्याची भावना ओळखायची आणि मग वागायचं. मी गुपचूप त्याच्या शेजारी बसून खडूने फरशीवर बैल काढला. चार दिवसांनी तो शेपूट काढायला पुढे आला.

वर्षा_झेडपीवाली: भावाचं वाचून खूप वाईट वाटलं सर. पण हे वेबिनारने नाही शिकवलं, तुम्ही मुळातच तसे आहात. आणि त्या दिवशी माहिती भरायचा फोन आला असता तर फरशीवर बसला असता का?

सुधीर सर: नसतो बसलो, खरंय. पण आपल्याला काय होतंय हे ओळखायला शब्द तरी तिथूनच मिळाला.

कोल्हापूरकर: आरटीईचं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ बघा. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही. कोविड ड्युटी त्यात बसते वर्षाताई, तिला विरोध नको. रोजच्या माहिती भरायच्या लिंका बसत नाहीत, तिथे भांडा. आणि आपत्तीत उतरवलेल्या माणसाला नंतर कसा आहेस म्हणून कुणी विचारलं का, हेही विचारा.

वर्षा_झेडपीवाली: नाही विचारलं. आमच्या केंद्रातले, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातले, एक सर ड्युटी करता करता आजारी पडले आणि गेले. शोकसभा ऑनलाइन झाली, दोन मिनिटं सगळे माईक बंद, आणि त्याच मीटिंगमध्ये लगेच मासिक अहवाल कुणाचे राहिलेत ती यादी वाचली. यादीत सरांचं नाव होतं.