मैदान सुटल्यावर : कागद, गुडघे आणि खुराक (अनुभव धागा)

तांबडीमाती
15 जानेवारीला, राज्य क्रीडा दिनाला, लेकीला शाळेत खाशाबा जाधवांवर दहा ओळी लिहायच्या होत्या. गोळेश्वर झालं, हेलसिंकी झालं, 1952 चं कांस्य झालं. मग तिनं विचारलं, "पदक मिळाल्यावर ते रोज काय करायचे?" आणि तालमीतले कितीतरी जुने चेहरे डोळ्यांसमोरून गेले. पुस्तकातला धडा हेलसिंकीलाच संपतो. खाशाबा पोलिसात फौजदार म्हणून लागले ते 1955 मध्ये, आणि निवृत्त झाले सहायक पोलीस आयुक्त म्हणून. म्हणजे ऑलिंपिक पदक घरात असूनही मधे तीन वर्षं गेलीच.

इथं पंच, वस्ताद, क्रीडा शिक्षक, फिजिओ बरेच आहेत. खेळ थांबल्यावर नोकरी, कागदपत्रं, शरीर, कोर्स यात नेमकं काय करायचं आणि पोरं कुठं आपटतात ते लिहा. "आमच्या काळी" नको, पुढच्याला उपयोगी पडेल असं पक्कं लिहा.

फाईलवाला
कागदांपासून सुरू करतो, कारण निम्मी पोरं तिथंच अडकतात.

सरकारी नोकरीत 5 टक्के खेळाडू आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून लागते. भरतीची जाहिरात आल्यावर पळापळ करून उपयोग नाही. अहवाल हातात नसेल तर निदान पडताळणीला अर्ज दिल्याची पोच तरी फॉर्मच्या शेवटच्या तारखेच्या आतली हवी. अहवालात तुम्ही कोणत्या गटाच्या पदाला पात्र आहात ते लिहिलेलं असतं, ते नीट वाचा. गट 'क' ला पात्र असलेला 'ब' चा फॉर्म भरतो आणि वर्षभरानं कळतं.

नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही. स्पर्धा कोणत्या वर्षीची, किती संघ उतरले, क्रमांक कितवा, संघटनेला त्या वर्षी मान्यता होती का, हे सगळं बघतात. म्हणून स्पर्धा संपली की त्याच आठवड्यात निकालपत्रक आणि संघाची सही-शिक्क्याची यादी मागून घ्या. दहा वर्षांनी सचिव बदललेला असतो आणि दप्तर कुणाच्या तरी माळ्यावर असतं.

नावाचं स्पेलिंग दहावीच्या मार्कशीटप्रमाणेच हवं. आणि कृपा करून प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका. शाई, शिक्क्याचा उठाव काही तपासता येत नाही.

रेडर नं. 7
लॅमिनेशन 😂😂 आख्ख्या टीमची केलीत ना एका दुकानात, ग्रुप डिस्काउंट मिळाला म्हणून

तांबडीमाती
@फाईलवाला पडताळणी अलीकडं एवढी कडक का झालीय?

फाईलवाला
ट्रॅम्पोलिनच्या बनावट प्रमाणपत्रांचं प्रकरण आठवा. कधी जाळीवर उडी न मारलेले लोक खेळाडू कोट्यातून आत गेले. त्याचा भुर्दंड आता खऱ्या खेळाडूला.

सिग्नलपाडा
रेल्वेचं लिहिते, डबा भरतेय त्यामुळे तुटक.
खुल्या जाहिरातीची निवड 100 गुणांची. मैदानी चाचणी 40, खेळातली कामगिरी 50, शिक्षण 10. चाचणीत 40 पैकी 25 आले नाहीत तर पुढचं बघतच नाहीत. म्हणजे कपाटभर पदकं असून चाचणीच्या दिवशी दम लागला की संपलं. मुलं दुखापत लपवून जातात आणि तिथंच गुडघा जातो.
दुसरं, कामगिरी जाहिरातीत दिलेल्या मुदतीतलीच धरतात. चार वर्षांपूर्वीचं राष्ट्रीय पदक शोकेसमध्ये. त्यामुळे रेल्वेचा अर्ज फॉर्मात असतानाच करायचा, "अजून एक सीझन खेळू मग बघू" नाही.
नेमबाज स्वप्नील कुसाळे 2015 पासून मध्य रेल्वेत आहे, पॅरिसचं कांस्य 2024 चं. मधली नऊ वर्षं पगार चालू होता हे लोक विसरतात. नेमबाजीत गोळ्याच किती महाग.

भीमाकाठ
पोलीस भरतीचं पण सांगा कुणीतरी, आमच्याकडं सगळी पैलवान पोरं तिकडंच पळत्यात

फाईलवाला
कोटा असला तरी मैदानी द्यावीच लागते. शिपाई पदाला पुरुषांची मैदानी 50 गुणांची : 1600 मीटर 20, 100 मीटर 15, गोळाफेक 15. निम्मे गुण तरी हवेत. गोळ्यात पैलवान पैकीच्या पैकी घेतो आणि 1600 मध्ये चौथ्या फेरीला चालायला लागतो. 105 किलोच्या गड्यानं भरतीच्या तीन आठवडे आधी पळायला सुरुवात केली तर नडगी धरते, गुडघा सुजतो. चार-पाच महिने आधी वजन उतरवायला घ्या. पहिला महिना नुसतं झपझप चालणं आणि मधे मधे 200-200 मीटर पळणं. डांबरी रस्त्यावर नाही, मातीवर.

थेट नेमणुका वेगळ्या. पैलवान राहुल आवारे, विजय चौधरी पोलीस उपअधीक्षक झाले, धावपटू ललिता बाबर उपजिल्हाधिकारी. ती शिखरावरची माणसं. बाकीच्यांनी 1600 मीटरच धरून चालावं.

गुडघेदुखी_डॉट
नडगीचा विषय निघालाच आहे तर. फिजिओ आहे, पुढचा पेशंट यायला वीस मिनिटं आहेत.

कबड्डी, कुस्ती, खो-खो : करिअर बंद पडायचं मोठं कारण म्हणजे एसीएल, गुडघ्याच्या आतला दोर (लिगामेंट) तुटणं. खेळताना गुडघ्यात 'कट्' असा आवाज आणि दोन-तीन तासांत गुडघा टम्म फुगला, तर ती लचक नव्हे. चोळायचा नाही, ओढायचा नाही. बर्फ, पट्टी, आणि हाडाच्या डॉक्टरांकडे.

ऑपरेशननंतर खेळात परतायचं ते 9 महिन्यांच्या आत नाही. आणि नुसते महिने मोजून पण नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद चांगल्या पायाच्या किमान 90 टक्के हवी, एका पायावरच्या उडीचं अंतर पण तेवढंच. गंमत अशी की नवीन बसवलेला दोर सर्वात कच्चा असतो तो साधारण दीड ते तीन महिन्यांत, आणि नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं. पोरगा म्हणतो बरा झालो, गावच्या स्पर्धेत उतरतो. संपलं.

ज्यांना परत खेळायचंच नाही त्यांनी पण व्यायाम पूर्ण करा. चाळिशीत जिना चढायचाय ना.

वस्तादचापुतण्या
आता खुराकाचं बोलू या का. कुस्ती सुटती पण खुराक सुटत न्हाई, खरा घोळ हितंच.
मेहनत चालू असताना दोन-तीन लिटर दूध, तूप, बदाम, मटण सगळं जिरतं. मेहनत बंद झाली की भूक लगीच कमी होत न्हाई. सहा महिन्यांत गडी पिंपासारखा होतो.
एकदम बंद करू नका, तरास होतो. आधी तूप निम्म्यावर आणा. मग थंडाई आठवड्यातनं एकदा. दूध महिन्याला अर्धा-अर्धा लिटर कमी करत अर्ध्या लिटरवर. अंडी, डाळ, मटणाचे तुकडे राहू देत, पण रस्सा-भात कमी. जोर-बैठका पण हळूहळू उतरवा, आणि तिशीनंतर पूर्ण बैठक सोडून खुर्चीच्या उंचीपर्यंत. आठवड्याला एकदा काट्यावर उभं राहा. महिन्यात दोन किलो वाढलं की समजा घरात कुणीतरी लाडानं तूप वाढतंय.

गुडघेदुखी_डॉट
@वस्तादचापुतण्या अगदी. दोन गोष्टी जोडते. पैलवानाचा बीपी बघताना दंडाला मोठा पट्टा मागायचा. साध्या पट्ट्यात जाड दंड कोंबला की बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतो आणि उगाच गोळी चालू होते. दुसरं, घोरणं. मान जाड (कॉलर 17 इंचाच्या वर), रात्री जोरात घोरणं, मधेच श्वास अडकणं, दिवसा डुलक्या : हे असेल तर झोपेची तपासणी करा. "पैलवानच तो, घोरणारच" असं म्हणून सोडू नका.

भीमाकाठ
थंडाईचं प्रमाण टाका की कोण तरी

वस्तादचापुतण्या
हा धागा सोडायच्या थंडाईचा हाय लेका 😄
बरं घे. एका माणसाला 25 बदाम रात्री भिजवून सोललेले, चमचाभर खसखस, बडीशेप, पाच-सहा मिरी, दोन वेलदोडे. कुंडीत सोट्यानं तासभर घोटायचं, मिक्सर न्हाई. फडक्यानं गाळून दुधात. घोटणं हाच खरा व्यायाम.

सिग्नलपाडा
मिक्सरवाले इथं गुपचूप वाचतायत 🙋‍♀️

फक्कीवाली
कबड्डीच्या मुलींसाठी लिहिते. खेळ सुटल्यावर पंच होणं हा चांगला रस्ता आहे पण फार कमी जणी वळतात. संघटनेची पंच परीक्षा असते, लेखी, तोंडी आणि प्रत्यक्ष मैदानावर. चांगले खेळाडू लेखीत नापास होतात, कारण खेळलेत पण नियमपुस्तक उघडलेलं नाही.

मापं तोंडपाठ हवीत. पुरुषांचं मैदान 13 बाय 10, महिलांचं 12 बाय 8. मध्यरेषेपासून निदान रेषा पुरुषांना 3.75 मीटर, महिलांना 3. बोनस रेषा त्याच्या पुढं 1 मीटर. चढाई 30 सेकंद. हमखास चुकतं ते लॉबीत, म्हणजे मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या पट्टीत : झटापट झाल्याशिवाय लॉबीत पाय गेला तर खेळाडू बाद, झटापट झाली की लॉबी मैदानात धरायची. उभं कुठं राहायचं हे पण शिका. चढाईपटूच्या पाठीमागं राहिलात तर बोनसचा पाय दिसत नाही.

मानधनावर घर चालत नाही, आधीच सांगते. नोकरीसोबत करायचं काम आहे. पण माणसं जोडली जातात आणि मैदान सुटत नाही.

रेडर नं. 7
प्रो कबड्डी आल्यापासून पैसे आहेत की ताई

फक्कीवाली
@रेडर आहेत, 2014 पासून आहेत. किती जणांना आणि किती सीझन? मानधनातून टीडीएस (आगाऊ आयकर) कापलेला असतो, रिटर्न न भरल्यामुळं तो परत पण घेत नाहीत पोरं. पहिल्या चेकची गाडी, दुसऱ्या सीझनला बेंचवर, तिसऱ्याला लिलावात नाव नाही. हप्ता चालू.

रेडर नं. 7
हे कुणाबद्दल ते कळलं 🤐

एरंडतेल
प्रशिक्षक व्हायचंय त्यांच्यासाठी थोडं, लोक तीन कोर्सची खिचडी करतात.
शाळेत क्रीडा शिक्षक व्हायचं तर बीपीएड (शारीरिक शिक्षणाची पदवी) : पदवीनंतर, दोन वर्षं, सीईटी आणि सोबत मैदानी चाचणी. एखाद्या खेळाचा प्रशिक्षक व्हायचं तर पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्था) वर्षभराचा डिप्लोमा. तिथलाच सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स पण असतो, शिकायला छान, पण जाहिरातीत डिप्लोमा मागितला असेल तर तो चालत नाही. फी भरायच्या आधी जाहिरात वाचा, उलटं नको.
केंद्राचा 'रीसेट' म्हणून कार्यक्रम 2024 मध्ये निघाला, निवृत्त खेळाडूंसाठी, वय 20 ते 50. ग्वाल्हेरची एलएनआयपीई ही शारीरिक शिक्षणाची संस्था चालवते. बारावी न झालेल्यांसाठी वेगळा स्तर आहे, हे मला आवडलं. मैदानापायी शाळा सुटलेलेच जास्त असतात.
मल्लखांबवाल्यांना बाहेर मागणी वाढतेय. पण प्रात्यक्षिक करता येणं वेगळं आणि सात वर्षांच्या पोराला दसरंग सुरक्षित शिकवणं वेगळं. एरंडेल तेल जास्त झालं की पकड सुटते, कमी झालं की मांडी सोलते. हातावर घेऊन चोळा, फडक्यानं पुसा, मग पोर चढवा.

सिग्नलपाडा
पेटकरांचं नाव कसं नाही आलं अजून? मुरलीकांत पेटकर, सांगली जिल्ह्यातले, सैन्यात बॉक्सर. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, बॉक्सिंग संपलं. पोहणं धरलं आणि 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकला 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण, 37.33 सेकंद. नंतर पुण्यात टेल्कोत नोकरी. पद्मश्री 2018 मध्ये. मधली 46 वर्षं तुम्हीच मोजा.

फाईलवाला
पेन्शनचं राहिलंच. केंद्राची खेळाडू पेन्शन योजना : ऑलिंपिक किंवा पॅरालिंपिक पदकाला महिना 20,000, आशियाई आणि राष्ट्रकुल सुवर्णाला 14,000, रौप्य-कांस्याला 12,000. वय 30 पूर्ण आणि खेळातून निवृत्त असायला हवं. आपोआप येत नाही, अर्ज करावा लागतो.
हलाखीतल्या खेळाडूंसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय कल्याण निधी आहे, उपचारालाही मदत मिळते. दवाखान्याची मूळ बिलं जपा.

तांबडीमाती
लेकीच्या दहा ओळींची आता पन्नास ओळींची वही झाली 🙏 कुकर झाला, उतरवून येतो.

रेडर नं. 7
एक गंभीर प्रश्न. लॅमिनेशन इस्त्रीनं निघतं का?

फाईलवाला
हात लावू नका!! गरम केलं की शाई प्लास्टिकसोबत येते. संघटनेकडं दुय्यम प्रतीसाठी अर्ज करा, सोबत निकालपत्रक जोडा.

रेडर नं. 7
निकालपत्रक पण लॅमिनेट आहे