मेंबरशिप आणि परतीचा हक्क
ऑनलाइन खरेदीच्या साइटची मेंबरशिप घेतली की नकोशी झालेली वस्तूही परत देता येते, हे रमाताईंचं म्हणणं मला पटत नाही. ते पैसे मुख्यतः जलद, मोफत डिलिव्हरीचे; परतीचे नियम वस्तूगणिक वेगळे असतात. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष, बनावट किंवा जाहिरातीशी न जुळणारी वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. नुसतं मन बदललं तर मात्र सगळं त्याच्या धोरणावर. (युरोपात ऑनलाइन खरेदीला त्यासाठी १४ दिवस मिळतात, आपल्याकडेही मिळायला हवेत!) आणि देवगड-राजापूरकडच्या आतल्या वाड्यांत पावसाळ्यात कुरियरवाला नाक्यावरूनच फोन करतो, तिथे पिकअपला कोण येणार? म्हणून वर्षाचे पैसे भरण्याआधी आपल्या पिनकोडला डिलिव्हरी आणि पिकअप दोन्ही आहे का ते बघा. सदोष माल परत घेत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नक्की करा.