एमडीएसनंतर संशोधन: अमेरिकेत पीएचडी की इथेच?

परभणीकर: पेरिओत, म्हणजे हिरड्यांच्या विषयात, एमडीएस (बीडीएसनंतरची पदव्युत्तर पदवी) संपत आलंय. हिरडीच्या जंतूंवर काम करायचंय, पण पेशंटही सोडायचे नाहीत. अमेरिकेत पीएचडी केली तर पुढे फंडिंग आणि लायसन्सचं काय? की इथेच कॉलेजात राहून दोन्ही जमतं?

रेणू_लॅब: खरी अडचण पीएचडीनंतर येते. एनआयएच म्हणजे अमेरिकी सरकारची आरोग्यसंशोधन संस्था, आणि एनआयडीसीआर ही तिची दंतसंशोधन शाखा. तिच्या के०८ ग्रँटला (डॉक्टर-दंतवैद्यांना संशोधक म्हणून घडवणारी) नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. एनआयएचच्या कर्जफेड योजनेचंही तेच. तुम्हाला खुल्या वाटा दोन: काही विद्यापीठांतल्या आर९० जागा (परदेशी दंतवैद्यांनाही चालणाऱ्या संशोधन-प्रशिक्षणाच्या) आणि पोस्टडॉकमधली, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनकाळातली, के९९/आर०० ग्रँट (स्वतंत्र संशोधक होण्यासाठी). के९९ ला पोस्टडॉकचा अनुभव चार वर्षांपेक्षा जास्त चालत नाही. म्हणून दुसऱ्या वर्षीच अर्ज टाका, म्हणजे नाकारला गेला तरी सुधारून पुन्हा पाठवता येतो. नियम बदलत असतात, चालू नोटीस वाचूनच ठरवा.

दाढ_३६: लायसन्सचा मार्ग वेगळा आहे. नुसत्या पीएचडीवर तिथे पेशंट बघता येत नाहीत. बहुतेक राज्यांत तिथली डीडीएस किंवा डीएमडी ही दंतवैद्यकाची पदवी लागते. बीडीएसवाल्यांना ॲडव्हान्स्ड स्टँडिंगने (आधीचं शिक्षण धरून मधल्या वर्षात प्रवेश) साधारण दोन-तीन वर्षं लागतात आणि फी जबर असते. पीएचडी धरून हिशोब केला तर मधे बरीच वर्षं हाताची सवय मोडते. पेशंट सोडायचेच नसतील तर हा मुद्दा सगळ्यात आधी सोडवा.

सांख्यिकी_ताई: इथे राहणार असाल तर संशोधनाचे वार नेमणूकपत्रात लिहून घ्या. किती वेळ मागावा याचा नमुना हवा तर, वरच्या के०८ मध्ये ७५ टक्के, म्हणजे १२ पैकी ९ महिने, संशोधनाला राखून ठेवावे लागतात. तोंडी कबूल केलेला वेळ ओपीडी, प्रीक्लिनिकल (विद्यार्थ्यांचा मॉडेलवरचा सराव) आणि कॉलेजच्या इन्स्पेक्शनमध्ये जातो.

आणखी दोन चुका टाळा. क्लिनिकल ट्रायल असेल तर पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे भारताच्या ट्रायल-नोंदवहीत, नोंदणी करा. उशिरा केली तर चांगली जर्नल्स पेपर घेत नाहीत, आणि ही चूक मागाहून दुरुस्त होत नाही. दुसरी चूक दात मोजण्याची. ३० पेशंटचे प्रत्येकी ४ दात म्हणजे १२० स्वतंत्र नमुने नव्हेत. एकाच तोंडातल्या दातांचा सहसंबंध ०.३ धरला तर डिझाइन इफेक्ट (नमुने किती पटीने कमी धरायचे तो आकडा) १ + (४ − १) × ०.३ = १.९. म्हणजे १२० ला १.९ ने भागून हाती उरतात जेमतेम ६३. सॅम्पल साइझ काढतानाच हे धरा.

परभणीकर: आर९० साठी विद्यापीठाला लिहायचं की थेट गाइडला?

रेणू_लॅब: आधी गाइडला. जागा विद्यापीठाच्या ग्रँटमध्ये मोजून दिलेल्या असतात. या वर्षी रिकामी आहे का, हे त्या ग्रँटच्या डायरेक्टरकडून तेच विचारून घेतील.