पिल्सनर बीअरला लोण्याचा वास येतोय. ओतून टाकू की वाचेल? (मदत हवी आहे)

तीन वर्षं घरी एल (खोलीच्या तापमानाला आंबणारी बीअर) बनवतेय. गव्हाची, काळी स्टाउट, हॉप्सने (बीअरला कडवटपणा देणारी फुलं) कडू केलेली, सगळं करून झालं. एलचं बरं असतं, खोलीच्या तापमानाला ठेवा, आठवड्यात फसफसून मोकळी. पण मनात पहिल्यापासून पिल्सनर होती. सोनेरी रंग, काचेसारखी स्वच्छ, वर पांढराशुभ्र दाट फेस. दिसायला इतकी साधी आणि करायला इतकी अवघड की एकही चूक लपत नाही. स्टाउटमध्ये भाजक्या माल्टच्या (मोड आणून वाळवलेलं धान्य) आड बरंच काही खपून जातं.

यंदा फर्मेंटरसाठी (बीअर आंबवायचं भांडं) जुना फ्रिज आणि थर्मोस्टॅट जमवला आणि कंबर कसली. पिल्सनर माल्ट, साझ हॉप्स, मुद्दाम मृदू केलेलं पाणी. हौस एवढी की डिकॉक्शनही केलं, म्हणजे मॅशचा (गरम पाण्यात भिजवलेला माल्ट) काही भाग वेगळा काढून उकळायचा आणि परत मिसळायचा. अख्खा रविवार त्यात गेला. ढवळून ढवळून हात भरून आले.

तपशील:
२० लिटर. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (घनता, साखर आंबत जाते तशी उतरते) १.०४८.
कोरडं लागर (थंडीत आंबणारी बीअर, पिल्सनर त्यातलीच) यीस्ट, ११.५ ग्रॅमचं एक पाकीट, १० अंशाला टाकलं.
नवव्या दिवशी ग्रॅव्हिटी १.०१२. एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी झडप) शांत. मला वाटलं झालं काम, लगेच २ अंशाला नेऊन लागरिंग, म्हणजे थंडीत मुरवणं, सुरू केलं.

काल तीन आठवड्यांनी नमुना काढला. रंग सुंदर. नाकाशी नेला आणि थेट लोणी! घरात कुणाला काही न सांगता ग्लास पुढे केला, तर उत्तर आलं, "पॉपकॉर्न कधी केलेस?" चवीलाही तेच, शिवाय जिभेवर एक तेलकट थर.

हे डायअसेटिल (लोण्याचा वास देणारं रसायन) असणार एवढं कळतंय. पण ते माझ्या घाईने आलं की जंतुसंसर्गाने? आणि आता काही करता येईल का? १८३८ साली पिल्सेनच्या (आजच्या चेकियातलं शहर) लोकांनी बिघडलेल्या बीअरची ३६ पिंपं नगरभवनासमोर ओतून दिली म्हणतात. त्यातूनच पुढे बव्हेरियातून योसेफ ग्रोल हा बीअर बनवणारा आला आणि १८४२ मध्ये पहिली पिल्सनर झाली. माझ्याकडे ग्रोल नाही, तुम्ही आहात. कृपया लवकर सांगा, बाटल्या धुऊन ठेवल्यात.

प्रतिसाद

ओतू नका. आधी एक प्रश्न, आंबट लागतेय का? तार सुटतेय का? १.०१२ च्याही खाली ग्रॅव्हिटी घसरत चाललीय का? तिन्ही नसेल तर संसर्गाची शक्यता कमी.

यीस्ट आंबवताना अल्फा-अ‍ॅसिटोलॅक्टेट नावाचा पदार्थ बाहेर सोडतं. बीअरमध्ये हळूहळू त्याचं डायअसेटिल होतं आणि तेच यीस्ट ते परत शोषून घेतं. थंडीत हे सगळंच रेंगाळतं. म्हणून आंबणं संपत आलं की तापमान १६-१८ अंशांवर नेऊन दोन-तीन दिवस ठेवतात, मग थंड करतात. तुम्ही सफाई कामगारांना झाडू हातात घ्यायच्या आधीच झोपवलंत. शिवाय एक पाकीट फार कमी. लागरला एलच्या साधारण दुप्पट यीस्ट लागतं. १५१६ च्या बव्हेरियन कायद्यात पाणी, बार्ली आणि हॉप्स एवढंच लिहिलं होतं, यीस्टचा पत्ताच नव्हता. तुम्ही तो कायदा जरा जास्तच मनावर घेतलात :)

प्रतिसाद

कशाला एवढी धावपळ? चेक लागरमध्ये लोण्याची पुसटशी छटा दोष धरत नाहीत. भरा बाटल्या.

धागाकर्ती

पुसट असती तर धागा काढला नसता. आंबट नाही, तार नाही, ग्रॅव्हिटी आज पुन्हा मोजली, १.०१२ च. फर्मेंटर नुसता फ्रिजबाहेर काढला तर चालेल?

प्रतिसाद

चालू शकेल, पण तीन आठवडे २ अंशाला राहिलेलं यीस्ट तळाशी सुस्त पडलेलं असतं. नवी कुमक पाठवा. दीड लिटर वर्ट (माल्टचं न आंबवलेलं गोड पाणी) करा, त्यात ताजं लागर यीस्ट टाका. फेस भरभरून वर आला की त्याच टप्प्यावर ते सगळं बीअरमध्ये सोडा. जर्मन लोक याला क्रॉयझनिंग म्हणतात. आधी बीअर हळूहळू १८ अंशांवर आणा. ओतताना नळी थेट द्रवात बुडवा, वरून धार धरू नका. आत्ता हवा मिसळली तर लोणी जाईल आणि ओल्या पुठ्ठ्याची चव येईल.

बाटल्या भरायच्या आधी गरम चाचणी करा. दोन ग्लासांत थोडी थोडी बीअर घ्या, झाका. एक ६०-६५ अंशाच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवा, मग दोन्ही सारखे गार करून हुंगा. दोन्हींत लोणी असेल तर यीस्टचं काम बाकी आहे. फक्त गरम केलेल्यात असेल तर कच्चा माल शिल्लक आहे, आज लपलाय, बाटलीत उगवेल. दोन्ही स्वच्छ असतील तरच पुढे जा. लागरमध्ये लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या आसपासही हा वास नाकाला कळतो, तेव्हा हुंगायचं काम त्या पॉपकॉर्नवाल्या नाकालाच द्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार, आता अहवाल. चाचणी त्याच दिवशी केली होती, दोन्ही ग्लासांत लोणी. शनिवारी दीड लिटरची कुमक सोडली. दुसऱ्या दिवशी एअरलॉक बोलायला लागला आणि मला उगाच भरून आलं. पाचव्या दिवशी पुन्हा चाचणी. थंड ग्लास स्वच्छ, गरम ग्लासात किंचित शंका. आठव्या दिवशी दोन्ही स्वच्छ. घरच्या नाकाचा निर्णय: "ब्रेडसारखा वास येतोय, आणि थोडं गवत." माल्ट आणि साझ! ग्रॅव्हिटी १.०११ वर स्थिर आहे.

आता शेवटची शंका. पुन्हा २ अंशाला ठेवून चार आठवड्यांनी बाटल्या भरेन, तेव्हा बाटलीत वायू धरण्यासाठी साखर किती? तक्त्यात तापमान २ धरलं तर फारच कमी येतेय.

प्रतिसाद

२ धरू नका, १८ धरा. आंबणं संपल्यावर बीअर ज्या सर्वांत गरम तापमानाला राहिली तेव्हाच वायू उडून गेलाय, नंतर थंड केल्याने तो परत येत नाही. २.५ व्हॉल्यूम (बीअरच्या अडीचपट आकारमानाचा विरलेला वायू) हवे असतील तर लिटरला सव्वासहा ग्रॅमच्या आसपास साधी साखर. मोजणी फर्मेंटरमधल्या नव्हे, बाटल्यांत जाणाऱ्या बीअरवर करा, गाळ वजा करून. आणि बाटल्या तपकिरीच घ्या. एवढं सगळं केल्यावर उन्हाने हॉप्सचा वास बिघडवू देऊ नका.